लॉटरीच्या पैशातून घेतलेला कारखाना, सगळ्यांनी उचललेलं अक्षर आणि लंडनचा लॉर्ड मेयर

काऊबॉयच्या सिनेमातला एक सीन डोळ्यासमोर आणा. धुळीचा रस्ता, लाकडी खांब आणि खांबावर ठोकलेला पिवळट कागद. त्यावर मोठ्या अक्षरात ‘वॉन्टेड’, खाली कुणातरी दाढीवाल्याचं चित्र आणि बक्षिसाचा आकडा. हिरोचं नाव आपण विसरतो, सिनेमाचं नावही विसरतो, पण ती अक्षरं लक्षात राहतात. टोकांना जाडजूड पट्ट्या असलेली, पाय रोवून उभी राहिल्यासारखी. आज तीच अक्षरं एखाद्या बर्गरवाल्याच्या पाटीवर किंवा वाढदिवसाच्या फोटोफ्रेमवर दिसली, तरी डोक्यात घोड्यांच्या टापा वाजायला लागतात.

आता गंमत बघा. ही अक्षरं ज्या घराण्यातली, त्या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतला नाहीच. तो जन्मला लंडनमध्ये, १८४५ साली, फॅन स्ट्रीटवरच्या एका कारखान्यात. त्याचं नाव क्लॅरेंडन. आणि ज्या माणसाने त्याला बाजारात आणलं, त्याच्याभोवती कायद्याचं कुंपण घातलं आणि तीन वर्षांत ते कुंपण पडतानाही पाहिलं, त्याचं नाव रॉबर्ट बेस्ली.

बेस्लीचा जन्म १७९४ चा, इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या एक्सेटर शहरातला. तो लहानाचा मोठा होत होता त्याच काळात इंग्रजी अक्षरांचा अवतार पार बदलत होता. तोवर छापखान्याची अक्षरं म्हणजे पुस्तकाची अक्षरं. बारीक, शिस्तीतली, हातात धरून वाचायची. पण इंग्लंडात कारखाने उभे राहिले, माल तयार व्हायला लागला आणि तो माल खपवायचा तर भिंतीवर ओरडून सांगायला हवं, हे धंदेवाल्यांच्या लक्षात आलं. नाटकं, घोडागाड्यांच्या फेऱ्या, औषधं, लिलाव, सगळ्यांना पोस्टर पाहिजे होतं. आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं अक्षर पाहिजे होतं.

मग अक्षरं जाड व्हायला लागली. लंडनचा रॉबर्ट थॉर्न हा टाईप ओतणारा या कामात सगळ्यात पुढे. त्याची फॅट फेस म्हणून ओळखली जाणारी अक्षरं म्हणजे पुस्तकातल्याच अक्षराला खुराक चारून पैलवान केल्यासारखी. पण त्यात एक गोची होती. उभे दांडे भरभक्कम, पण टोकाच्या रेघा मात्र केसाएवढ्या बारीक.

इंग्रजी अक्षराच्या टोकाला असणाऱ्या या छोट्या आडव्या रेघेला सेरिफ म्हणतात. १८१५ ते १८१७ च्या आसपास व्हिन्सेंट फिगिन्स या दुसऱ्या टाईपवाल्याने ही रेघच दांड्याएवढी जाड करून टाकली. झालं स्लॅब सेरिफ. स्लॅब म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्याने एकदा घर बांधलंय त्याला वेगळं सांगायला नको. अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी टाकलेला स्लॅबच तो.

फिगिन्सने त्याला अँटिक म्हटलं, पण लोकांत चाललं ते दुसरंच नाव. १७९८ ला नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, पुढे रोझेटा स्टोन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये येऊन पडला आणि इंग्लंडला इजिप्तचं वेड लागलं. नवीन दिसेल त्याला इजिप्शियन म्हणायची फॅशन आली. ही अक्षरंसुद्धा त्या लाटेत इजिप्शियन झाली. इजिप्तशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

१८२० मध्ये थॉर्न वारला आणि फॅन स्ट्रीटचा त्याचा कारखाना विक्रीला निघाला. तो घेतला विल्यम थोरोगूड नावाच्या माणसाने. टाईप ओतण्याचा त्याला अनुभव नव्हता. पैसे होते, आणि ते आले होते लॉटरीतून. ब्रिटिश सरकारच तेव्हा लॉटरी काढायचं आणि तिच्या जाहिराती म्हणजे जाड अक्षरांचं मोठं गिऱ्हाईक. म्हणजे ज्या लॉटरीची पत्रकं असल्या जाड अक्षरांत छापली जायची, त्याच लॉटरीच्या पैशातून जाड अक्षरांचा कारखाना विकत घेतला गेला. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर लोकांनी फेकाफेक म्हटलं असतं.

१८२६ मध्ये सरकारी लॉटरी कायमची बंद झाली. त्याच वर्षी थोरोगूडच्या या कारखान्यात बेस्ली नोकरीला लागला. वय बत्तीस.

बेस्लीची इतिहासातली ओळख कलावंताची नाही, धंदा कळणाऱ्या माणसाची आहे. बारा वर्षं नोकरी केल्यावर, १८३८ मध्ये थोरोगूडने त्याला भागीदार करून घेतलं. लॉटरी लागून मालक झालेल्या माणसाच्या शेजारी कामातून वर आलेला माणूस बसला. थोरोगूडही काही नुसता नशीबवान नव्हता म्हणा. त्याने १८२८ मध्ये एडमंड फ्रायचा जुना नावाजलेला कारखानाही विकत घेतला होता, त्यामुळे फॅन स्ट्रीटचं नाव मोठं झालं होतं.

तोपर्यंत पोस्टरचा प्रश्न बराचसा सुटला होता. पण छापखानेवाल्यांची दुसरी एक अडचण तशीच होती. समजा, एखादा परिच्छेद छापायचा आहे आणि त्यातला एकच शब्द उठून दिसायला हवा आहे. आज आपण काय करतो? शब्द सिलेक्ट करतो आणि बोल्डचं बटण दाबतो. तेव्हा बोल्ड नावाची गोष्टच नव्हती. शब्द तिरका करा, सगळा कॅपिटलमध्ये टाका, नाहीतर जुन्या गॉथिक वळणाचा खिळा वापरा, एवढेच पर्याय. इजिप्शियन अक्षर मध्येच घातलं, तर लग्नाच्या पंगतीत ट्रक घुसल्यासारखं दिसायचं. आजूबाजूचे शब्द पार झाकून जायचे.

म्हणजे जाड तर पाहिजे, पण शेजाऱ्याला न चिरडणारं. फॅन स्ट्रीटच्या कारखान्याने हे काम हातात घेतलं.

हे काम किती किचकट असायचं ते समजून घ्यायला हवं. आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, नुसत्या हाताने, भिंगातून बघत. मग ते पोलाद तापवून कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. तांब्यात जो ठसा उमटतो, तो झाला साचा. त्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की एक खिळा तयार. कॅपिटल, स्मॉल, आकडे, विरामचिन्हं धरून एका संचासाठी अशा कित्येक डझन कांड्या. अक्षराचा आकार थोडा लहान-मोठा पाहिजे असेल, तर सगळं पहिल्यापासून. त्यात पुस्तकाच्या मजकुरासाठीचं अक्षर म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. जाडी जरा चुकली की आतली पोकळी शाईने भरली आणि छापलेलं अक्षर म्हणजे नुसता ठिपका.

हे कोरण्याचं काम केलं बेंजामिन फॉक्स या कारागिराने. क्लॅरेंडनच्या गोष्टीत हे नाव लोक पटकन विसरतात, म्हणून लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहे.

फॉक्सने काय केलं? स्लॅब ठेवला, पण त्याचा कोपरा गोलाईत दांड्याला जोडला. इजिप्शियन अक्षरात स्लॅब आणि दांडा काटकोनात भेटायचे, विटेवर वीट ठेवल्यासारखे. इथे फांदी खोडातून फुटावी तशी रेघ वळते. वर अक्षर थोडं अरुंद केलं, आणि नेहमीच्या पुस्तकी अक्षरात असतो तसा जाड-बारीक रेघांचा फरकही राखला. त्यामुळे ते साध्या ओळीत बसलं की त्याच कुटुंबातलं वाटायचं. जरा अंगाने भरलेलं, इतकंच.

असं गोलाईचं वळण देण्याचा प्रयत्न थोडं आधी दुसऱ्या कारखान्यांतही सुरू झाला होता, आयोनिक या नावाने. त्यामुळे क्लॅरेंडन आकाशातून पडलं असं म्हणणं खरं नाही. पण मजकुराच्या आकारात, मजकुराच्या सोबतीला म्हणून नीट बेतलेलं जाड अक्षर बाजारात नाव देऊन उभं केलं ते फॅन स्ट्रीटने. आज प्रत्येक फॉन्टसोबत त्याचा बोल्ड भाऊ फुकट येतो, त्या पद्धतीची सुरुवात इथे शोधतात.

नावाचा संबंध साधारणपणे ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसशी जोडला जातो. अर्ल ऑफ क्लॅरेंडन याने सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीचा इतिहास लिहिला होता. त्या पुस्तकाच्या कमाईचा पैसा विद्यापीठाच्या छापखान्याच्या इमारतीला लागला, म्हणून तिला क्लॅरेंडनचं नाव. पुस्तकवाल्यांच्या जगात वजन असलेलं हे नाव होतं आणि बेस्लीला गिऱ्हाईकही तेच पाहिजे होतं.

आपल्या नमुनावहीत त्याने मालाची जाहिरात कशी केली तेही बघण्यासारखं आहे. छापखान्यात असावा असा सगळ्यात उपयोगी टाईप हाच, असा त्याचा दावा. एका शब्दाला उठाव येतो, पण बाकीच्या ओळी दबत नाहीत. इजिप्शियनसारखा बेढब नाही, आणि मशीनवर घासून घासून जाड झालेल्या जुन्या खिळ्यासारखाही दिसत नाही. एका वाक्यात स्वतःची स्तुती आणि बाजारातल्या दोन्ही प्रकारच्या मालाला टोला. विकणारा माणूस होता तो.

आता मुख्य किस्सा.

टाईपच्या धंद्यात नक्कल हा जुना आजार होता. एका कारखान्याने वर्षभर खपून अक्षर काढायचं आणि दुसऱ्याने त्याचा कागद समोर ठेवून तसंच कोरायचं. त्यात त्याच सुमाराला विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवण्याची युक्ती निघाली होती. विकत आणलेल्या खिळ्यावर तांब्याचा थर चढवला की साचा आयता तयार. पोलाद कोरायचे कष्टसुद्धा नकोत.

बेस्लीने यावर उपाय काढला. १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये शोभेच्या नक्षीकामाला संरक्षण देणारा एक कायदा झाला होता. तो मुळात कापडावरची नक्षी, घरातल्या वस्तू, धातूकाम असल्या गोष्टींसाठी. बेस्लीने १८४५ मध्ये क्लॅरेंडनची नोंद त्या कायद्याखाली करून टाकली. टाईपफेसची अशी नोंद होण्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. विचार करा, जी अक्षरं सगळ्या इंग्लंडची, त्यातला ‘ए’ आणि ‘बी’ एका कारखान्याच्या मालकीचा. म्हणजे ‘ए’ नव्हे, त्या ‘ए’चा बांधा.

पण संरक्षण होतं तीनच वर्षांचं.

१८४८ उजाडलं आणि मुदत संपली. इंग्लंडातले बाकीचे टाईपवाले वाटच बघत होते. एकामागून एक सगळ्यांनी आपापली क्लॅरेंडन काढली. कुणी जास्त अरुंद केली, कुणी रुंद, कुणी सावली लावली. कितीतरी जणांनी नावही बदललं नाही. बेस्लीला याचा भयंकर राग आला आणि तो त्याने लपवला नाही. त्याच्या दृष्टीने ही सरळ उचलेगिरी होती. कायद्याच्या दृष्टीने कुणीच काही चुकीचं केलं नव्हतं.

दोन्ही बाजू पटण्यासारख्या आहेत, हाच इथला पेच. खर्च, कारागिराची नजर, पडून राहिलेला माल, सगळा धोका एका कारखान्याने घेतला होता. तीन वर्षांत तो वसूल होईलच याची खात्री कोण देणार? दुसरीकडे, तेव्हाच्या कायद्याने क्लॅरेंडन तीस वर्षं कोंडून ठेवली असती, तर ती इतक्या छापखान्यांत पोचलीच नसती. झालं असं की इंग्लंडातले छापखानेवाले कुठल्याही जाड अक्षराला सर्रास क्लॅरेंडन म्हणायला लागले. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढलेली कॉपी झेरॉक्सच असते ना, तसं.

बेस्लीचं त्यामुळे नुकसान किती झालं माहीत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही, कारण गडी बुडाला तर नाहीच. १८४९ मध्ये थोरोगूड बाजूला झाला आणि कारखाना रॉबर्ट बेस्ली अँड कंपनी या नावाने चालू लागला. नव्या कंपनीत भागीदार म्हणून कोण आलं, तर बेंजामिन फॉक्स. पोलाद कोरणारा कारागीर मालकांच्या रांगेत बसला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१८६१ मध्ये बेस्ली धंद्यातून निवृत्त झाला. त्याची जागा घेतली चार्ल्स रीड याने आणि पाटी बदलून झाली रीड अँड फॉक्स. फॉक्स तिथेच होता. या रीडचा मुलगा टॅल्बॉट बेन्स रीड. त्याने शाळकरी पोरांच्या गोष्टी लिहून नाव कमावलं, आणि १८८७ मध्ये इंग्लंडच्या टाईप कारखान्यांचा जाडजूड इतिहासही लिहिला. या धंद्यातली जुनी माणसं आज आपल्याला माहीत आहेत, त्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

निवृत्त झाल्यावर बेस्ली घरी बसला नाही. ज्या ऑल्डर्सगेट भागात फॅन स्ट्रीट येतो, त्याच भागाचा तो ऑल्डरमन झाला. पुढे शेरिफ झाला आणि १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर. लॉर्ड मेयर म्हणजे सगळ्या लंडनचा महापौर असा गैरसमज होतो. हे पद आहे सिटी ऑफ लंडनचं, म्हणजे साधारण एका चौरस मैलाच्या जुन्या शहराचं. पण बँका तिथे, व्यापार तिथे, त्यामुळे मान प्रचंड. राहायला मॅन्शन हाऊस, फिरायला सोनेरी बग्गी आणि पदावर बसताना वाजतगाजत मिरवणूक. बत्तिसाव्या वर्षी कारखान्यात नोकरीला लागलेला माणूस पंचाहत्तराव्या वर्षी त्या बग्गीत बसला. १८ डिसेंबर १८७६ ला तो वारला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता.

पण अक्षराची गोष्ट इथे संपत नाही, ती तोवर समुद्र ओलांडून गेली होती.

अमेरिकेत पोस्टरसाठी शिशाऐवजी लाकडाचे टाईप वापरायची पद्धत रुजली होती. १८२७ च्या सुमारास डॅरियस वेल्सने लाकूड कोरायला फिरत्या पात्याचं यंत्र वापरलं, नंतर त्याला एका नमुन्यावरून हव्या त्या आकाराची नक्कल काढणाऱ्या पँटोग्राफची जोड मिळाली. मेपलचं कठीण लाकूड, वजनाला हलकं, किमतीला स्वस्त. हातभर उंचीचं अक्षर शिशात ओतलं तर उचलायला माणूस लागायचा, लाकडाचं एका हातात मावायचं. पण लाकडात केसासारखी रेघ टिकत नाही, छापताना तुटते. जाड स्लॅबवालं अक्षर मात्र ठणठणीत राहतं. क्लॅरेंडनला हे घर फारच मानवलं. कनेक्टिकटच्या विल्यम पेजसारख्या लाकडी टाईपवाल्यांनी तिची लांब, आखूड, रुंद, नक्षीदार अशी पोरंबाळं काढली.

त्यातलंच एक पोर म्हणजे फ्रेंच क्लॅरेंडन. त्यात अक्षर उलटंपालटं करून टाकलं. दांडे बारीक आणि वरखालचे स्लॅब अवाढव्य. ओळ लावली की शब्दाच्या वर आणि खाली दोन काळे पट्टे ओढल्यासारखे दिसतात. अरुंद जागेत जास्त अक्षरं मावतात आणि लांबून नजर खेचली जाते. सर्कसवाल्यांना, नाटकवाल्यांना दुसरं काय पाहिजे? सिनेमातलं ते ‘वॉन्टेड’ बहुतेक वेळा याच वळणाचं असतं. खऱ्या त्या काळातली पत्रकं बघितली तर मात्र एकाच कागदावर पाच-सहा जातींची अक्षरं दिसतात. गावातल्या छापखान्यात जे खिळे शिल्लक असतील ते लावायचे, हा हिशोब. सिनेमावाल्यांनी त्यातलं एक निवडलं आणि तेच काऊबॉयचं अक्षर होऊन बसलं.

१९३८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हार्लिंगने याच वळणाचं प्लेबिल नावाचं अक्षर काढलं. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर फॉन्टच्या यादीत शोधून बघा, सापडण्याची शक्यता बरीच आहे. आणि ते ज्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीने बाजारात आणलं, तिनेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॅन स्ट्रीटचा जुना कारखाना विकत घेतला होता. पोर अमेरिका फिरून पुन्हा त्याच घरी आलं, असं म्हणायला हरकत नाही.

मूळ क्लॅरेंडनही गेली नाही. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हेरमान आयडेनबेन्झने आणि अमेरिकेत फ्रीमन क्रॉने तिला नवं रूप दिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवर कित्येक वर्षं क्लॅरेंडन होती. २००० च्या आसपास रॉलिन्सन नावाचं नवं अक्षर आलं तेव्हा तिने जागा सोडली. सोनीचा लोगो तर तुम्ही हजार वेळा पाहिला असेल. आता पुन्हा बघा, ‘एन’च्या पायाशी असलेले ते स्लॅब. क्लॅरेंडनच्याच कुळातलं वळण ते.

या सगळ्यात बेस्लीला बहुधा सगळ्यात जास्त आवडलं असतं ते काम मात्र ना पोस्टरचं, ना लोगोचं. तो गेल्यावर आठ वर्षांनी, १८८४ मध्ये, ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने एका नव्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग छापला. पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून जगभर गेला तोच हा कोश. पानभर बारीक मजकूर, आणि त्यात नजरेला पटकन सापडावा म्हणून प्रत्येक नोंदीचा मुख्य शब्द जाड अक्षरात. ते अक्षर होतं क्लॅरेंडन.